गिअरची मोटरसायकल शिकताना: प्रशिक्षणवर्ग कसा निवडावा आणि कसा पूर्ण करावा

गिअरची मोटरसायकल शिकायला आलेल्या प्रौढ माणसाला सर्वांत मोठी घाई असते ती रस्त्यावर जाण्याची, आणि मलाही ती होती. वीस वर्षे पुण्याच्या रहदारीत स्कूटर चालवल्यानंतर, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, कामानिमित्त भोरच्या बाजूच्या चढउतारांवर रोज जाण्याची वेळ आली, तेव्हा मी एका प्रशिक्षणवर्गात पैसे भरले. तिथल्या शिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी मला वर्दळीच्या रस्त्यावर नेले. एका वळणावर रिक्षा आडवी आली आणि मी सवयीने डाव्या हाताचा लिव्हर आवळला. स्कूटरवर त्या जागी मागचा ब्रेक असतो, पण मोटरसायकलवर तिथे क्लच, म्हणजे इंजिनचा जोर चाकापासून तोडणारा लिव्हर, असतो, त्यामुळे थांबायची ती गाडी उलट मोकळी सुटली. कोपर खरचटले आणि इंडिकेटर तुटला, एवढ्यावर निभावले. नंतर दुसरा वर्ग शोधला, आणि तिथल्या सरांनी पहिले चार दिवस मला मैदानाबाहेर पडू दिले नाही. चांगला प्रशिक्षणवर्ग तोच, जो तुम्हाला आधी गाडी अतिशय हळू चालवायला शिकवतो, हे माझे मत त्या चार दिवसांत बनले. वेग देणे कुणालाही जमते. माणसाच्या चालीने गाडी नेणे, वळवणे आणि पाय न टेकता तोलणे हे शिकावेच लागते.

आधी शिकाऊ परवाना

वर्गाचे पैसे भरण्यापूर्वी शिकाऊ परवान्याचा अर्ज करावा. ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीसाठी वयाची १६ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पालकांची संमती लागते. गिअरच्या मोटरसायकलसाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. केंद्र सरकारच्या सारथी संकेतस्थळावर अर्ज भरता येतो आणि आधार क्रमांकाच्या आधारे ओळख पटवली तर चाचणीही घरबसल्या देता येते. चाचणीत वाहतुकीची चिन्हे आणि नियम यांवर १५ प्रश्न असतात, त्यांपैकी ९ बरोबर यावे लागतात. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना नोंदणीकृत डॉक्टरांकडून नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र भरून घ्यावे लागते; ऐन वेळी त्यासाठी धावाधाव होते, म्हणून ते आधीच करून ठेवावे. ज्यांच्याकडे केवळ विनागिअर दुचाकीचा परवाना आहे, त्यांना गिअरची गाडी चालवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. वाहनांच्या त्या प्रकारासाठी पुन्हा शिकाऊ परवाना काढून तो प्रकार मूळ परवान्यात वाढवून घ्यावा लागतो. माझ्या ओळखीतल्या अनेक स्त्रियांना ही गोष्ट ठाऊक नव्हती.

शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. या दोन मुदती लक्षात ठेवून वर्गाची आखणी केली तर फार सोयीचे होते: परवाना हाती आला की त्याच आठवड्यात दहाएक दिवसांचा वर्ग सुरू करावा, उरलेले तीन आठवडे सरावाला ठेवावेत आणि हात ताजा असतानाच परीक्षेची वेळ घ्यावी. वर्ग संपल्यावर चार-पाच महिने गाडीला हात न लावता परीक्षेला गेलेल्यांची फजिती मी पाहिली आहे.

मैदानातच शिकायचे आहे, मग परवाना कशाला, असे अनेकजण विचारतात. मोटार वाहन कायद्यात सार्वजनिक जागेची व्याख्या केवळ रस्त्यापुरती नाही. जिथे लोकांना ये-जा करण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात मोडते. म्हणून परवाना खिशात नसताना गावच्या मैदानावरही गाडी सुरू करू नये. शिकाऊ चालकाच्या गाडीला पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर लावावे लागते, आणि शिकवणाऱ्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कुणालाही मागे बसवता येत नाही.

वर्ग निवडताना काय विचारावे

मोटार ड्रायव्हिंग स्कूलला परिवहन विभागाचा परवाना असतो आणि तो दर्शनी भागात लावणे बंधनकारक असते. भिंतीवर तो दिसत नसेल तर दाखवा म्हणून मागावा. यात संकोच करण्यासारखे काहीच नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास सराव केला याची नोंदही शाळेने ठेवायची असते. ही नोंदवही जिथे नीट भरलेली दिसते, तिथे बाकीची शिस्तही बहुधा असते.

त्यानंतर विचारायचे ते नेमके विचारावे. दुचाकी शिकवतो म्हणणाऱ्या पुष्कळ शाळा, विशेषतः स्त्रियांसाठी चालवलेल्या, प्रत्यक्षात फक्त विनागिअर स्कूटर शिकवतात. त्यामुळे गिअरची गाडी शाळेकडे आहे का, की स्वतःची आणायची, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. शाळेची गाडी असेल तर ती १०० ते १२५ सीसीची, हलकी आणि बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकतील अशी असावी. घरी बुलेट उभी आहे म्हणून तिच्यावरच शिकण्याचा हट्ट काहीजण धरतात. तो सोडावा. शिकताना गाडी आडवी होणारच, आणि जी आपल्याला एकट्याने उचलता येत नाही तिच्यावर माणूस मोकळेपणाने शिकत नाही. शिवाय ती बुलेट जुन्या बांधणीची असेल तर तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. नवशिक्याने त्या फंदात पडू नये.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मैदानाचा. सराव कुठे होतो, तिथे त्या वेळी मुले क्रिकेट खेळत असतात का, आणि रस्त्यावर कितव्या दिवशी नेले जाते, हे विचारावे. ‘उद्यापासून रस्त्यावर’ असे उत्तर अभिमानाने मिळाले तर त्या शाळेत पैसे भरू नयेत. एका शिक्षकामागे एका वेळी किती विद्यार्थी आहेत तेही पाहावे. तासाभरात चौघांना एकच गाडी मिळणार असेल तर आपल्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. शक्य असल्यास पैसे भरण्यापूर्वी एक दिवस कडेला उभे राहून शिक्षक कसे बोलतात ते ऐकावे. चुकल्यावर ओरडणाऱ्या शिक्षकासमोर विद्यार्थ्याचे खांदे आखडतात, आणि आखडलेल्या खांद्यांनी हँडल वळत नाही.

अंगावर काय घालावे

हेल्मेट स्वतःचेच असावे, शाळेचे घामेजलेले आणि ढिले हेल्मेट वापरू नये. त्यावर भारतीय मानक आयएस ४१५१ आणि आयएसआयचे चिन्ह असले पाहिजे. १ जून २०२१ पासून देशात असे प्रमाणित हेल्मेटच विकण्याची परवानगी आहे. घेताना ते डोक्यावर चढवावे, पट्टा लावावा आणि दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. हेल्मेटबरोबर गालांची कातडी सरकली पाहिजे. डोके आत सुटे फिरत असेल तर ते माप मोठे आहे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे, कारण धक्का झेलणारा आतला थर दबला की पुन्हा उसळत नाही. पट्टा न लावलेले हेल्मेट पडताक्षणी डोक्यावरून निघून जाते. कायदाही हेल्मेट ‘घातले’ म्हणजे पट्ट्यासह नीट बसवले असेच मानतो. हेल्मेटशिवाय गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र होण्याची तरतूद आहे.

बूट घोट्यापर्यंतचे असतील तर उत्तम. डाव्या बुटाची नाडी आत खोचावी, कारण लोंबणारी नाडी गिअरच्या दांड्यात अडकली तर थांबताना पाय खाली येत नाही. ओढणी किंवा स्कार्फ गाठ मारून जॅकेटच्या आत घ्यावा. हातमोजे पातळ पण तळव्याला जाड असावेत. पडताना माणूस सर्वांत आधी तळहात टेकतो.

मैदानावरचे दिवस

पहिल्या दिवशी इंजिन सुरूच करू नये. गाडी बंद ठेवून तिच्या शेजारी चालावे, ती ढकलत गोल फिरवावी, मेन स्टँडवर लावावी आणि काढावी, साइड स्टँड पायाने चाचपून पाहावे. आडवी झालेली गाडी उचलणेही याच दिवशी शिकून घ्यावे. आधी किल्ली बंद करावी. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावे, म्हणजे उभी केल्यावर ती पलीकडे कलंडणार नाही, आणि घरंगळू नये म्हणून गिअरमध्ये ठेवावी. मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून, सीटला पाठ लावून, एका हाताने हँडलची मूठ व दुसऱ्याने मागचा दांडा धरून, कंबर ताठ ठेवत छोट्या पावलांनी मागे चालत जावे. जोर पायांचा लागतो, कमरेचा नव्हे. माझे वजन पंचावन्न किलो आहे, तरी दुप्पट वजनाची गाडी या पद्धतीने पहिल्याच दिवशी उभी राहिली, आणि पडण्याची निम्मी भीती तिथेच गेली.

दुसऱ्या दिवसापासून क्लच. माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमातला हा गाभा आहे, आणि इथे दोन दिवस गेले तरी ते वाया गेले असे समजू नये. पहिला गिअर टाकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, रेस अजिबात न देता क्लचचा लिव्हर सावकाश सोडत जावा. अर्ध्या वाटेवर एक अशी जागा येते की इंजिनचा आवाज जड होतो आणि गाडी इंचभर पुढे सरकू पाहते. तिलाच हाफ क्लच म्हणतात. तिथे लिव्हर थांबवायचा, गाडी हातभर पुढे जाऊ द्यायची, लिव्हर पुन्हा आवळायचा, गाडी थांबवायची. सरांनी हे मला एका सकाळी पन्नासहून अधिक वेळा करायला लावले. शेवटी डावा अंगठा दुखू लागला, पण ती जागा बोटांना अशी ठाऊक झाली की त्यानंतर चढावर गाडी बंद पडली नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन, म्हणजे इंजिनला इंधन मोजून देणारी यंत्रणा, आले, आणि अशा गाड्या सपाट जागेवर रेस न देताही हाफ क्लचवर चालू लागतात. नवशिक्याला ते सोयीचे आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला मात्र किंचित रेस द्यावी लागते, नाहीतर ती झटका खाऊन बंद पडते.

स्कूटरवरून येणाऱ्यांसाठी इथे एक वेगळा सराव सांगतो तो शिक्षक चांगला. वर्षानुवर्षे डाव्या हाताने ब्रेक दाबलेल्या माणसाला संकटात तोच हात आठवतो. त्यामुळे चालण्याच्या वेगाने जाताना शिक्षकांनी अचानक ‘थांबा’ म्हणायचे आणि विद्यार्थ्याने उजवा हात व उजवा पाय यांनी ब्रेक लावून, शेवटच्या क्षणी डाव्या हाताने क्लच आवळायचा, असा सराव रोज पंधरा-वीस वेळा करावा. सहाव्या दिवशी माझी जुनी सवय मोडली. ती मोडेपर्यंत रस्त्यावर जाऊ नये.

ब्रेकबद्दल घरोघरी एक समज पक्का बसलेला आहे की पुढचा ब्रेक लावला की गाडी पलटते. खरे असे आहे की ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. एकट्या मागच्या ब्रेकवर विसंबले तर थांबायला कितीतरी जास्त जागा लागते आणि चाक फरफटते. अपघात होतो तो पुढचा ब्रेक झटक्याने दाबल्यामुळे किंवा हँडल वळलेले असताना दाबल्यामुळे. दोन बोटांनी, लिंबू पिळावे तसा, हळूहळू वाढता दाब द्यावा आणि हँडल सरळ ठेवावे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा, किंवा एबीएस सक्तीचे झाले. सीबीएसमध्ये पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. शाळेची गाडी यांपैकी कोणत्या प्रकारची आहे ते विचारून घ्यावे, कारण घरची गाडी वेगळी असेल तर पायाखालचा अनुभव वेगळा येईल. गिअरचेही तसेच आहे. काही गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर असतात, काहींत सगळे एकाच दिशेने पडतात. अनोळखी गाडी सुरू करण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे.

चौथ्या-पाचव्या दिवशी इंग्रजी आठच्या आकड्याचा सराव सुरू होतो. सरांनी मैदानावर दोन विटा ठेवल्या होत्या आणि त्यांच्याभोवती चुन्याची रेघ मारली होती. मी प्रत्येक वेळी विटेकडे पाहायचे आणि प्रत्येक वेळी विटेवरच जायचे. तिसऱ्या वेळी सर जवळ आले आणि म्हणाले, “ताई, हात नका वळवू, मान वळवा. हात आपोआप येतील.” गाडी नजर जाईल तिकडे जाते, हे वाक्य सगळेच ऐकतात. मी मान वळवून पलीकडच्या कडुलिंबाच्या बुंध्याकडे पाहिले आणि वीट कधी मागे पडली ते कळलेही नाही. आठ काढताना गाडी पहिल्या गिअरमध्ये, रेस एकसारखी, वेगाचे नियंत्रण हाफ क्लचने आणि मागचा ब्रेक अगदी हलका टेकवलेला, असे ठेवावे. पुढच्या ब्रेकला बोट लावू नये. गुडघे टाकीला चिकटवावेत आणि कोपरे सैल सोडावीत.

परीक्षा

प्रादेशिक परिवहन कार्यालयात दुचाकीच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी हाच आठचा आकडा काढायला सांगतात आणि पाय टेकला की नापास करतात. जाताना गाडीचे नोंदणीपत्र, विमा, पीयूसी आणि शिकाऊ परवाना बरोबर असावा, आणि गाडी शक्यतो सरावाचीच असावी. गाडी सुरू करण्यापूर्वी साइड स्टँड वर केले का ते पाहावे. बऱ्याच नव्या गाड्यांत ते खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडते, आणि घाबरलेल्या परीक्षार्थीला कारणच समजत नाही. वळण्याआधी इंडिकेटर द्यावा, खांद्यावरून मागे पाहावे. त्या दिवशी वेगाने आठ काढण्याचा मोह होतो. रांगेतला आधीचा मुलगा झटकन काढून गेला म्हणून आपणही तसे करू नये. परीक्षा एजंटाकरवी ‘मॅनेज’ करून देतो म्हणणाऱ्या शाळेपासून मी ठामपणे दूर राहायला सांगेन, कारण परीक्षा टाळली तरी रस्ता टाळता येत नाही.

वर्गानंतरचे पहिले महिने

रस्त्यावरचा पहिला सराव रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, ओळखीच्या रस्त्यावर, शिक्षक दुसऱ्या गाडीवर मागे असताना करावा. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला ११ मीटर जाते. समोरचा धोका दिसून बोटे ब्रेकवर पोहोचेपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. ६० च्या वेगात तेवढ्याच वेळात जवळजवळ १७ मीटर जातात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. पुढच्या वाहनापासून किती मागे राहायचे याचा हिशेब एवढ्यावरून प्रत्येकाने करावा.

गतिरोधकाच्या आधी ब्रेक लावून वेग कमी करावा आणि चाक त्यावर चढताना ब्रेक सोडावा. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येऊन जो निसरडा लेप तयार होतो त्यावर, आणि झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यांवर, ब्रेक लावणे किंवा गाडी झुकवणे टाळावे. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर आलेली माती आणि सांडलेली उसाची कांडी असतात. वळणावर ती दिसली की वेग वळणाच्या आधीच उतरवावा.

घाटात उतरताना न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची खोड अनेकांना असते. ती जिवावर बेतू शकते, कारण इंजिनचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि सतत दाबलेले ब्रेक तापून मंद होतात. ज्या गिअरमध्ये चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरावे. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात हा नियम पाळला नाही तर दोन्ही बाजूंची वाहने समोरासमोर अडकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे त्या बाजूला जाताना जुनाच महामार्ग धरावा लागतो.

मागे माणूस बसवण्याची घाई पक्का परवाना मिळाल्यावरही करू नये. निदान महिनाभर एकट्याने चालवावे, मग आधी मैदानावरच कुणाला तरी बसवून आठचा आकडा काढून पाहावा. मागच्या वजनाने गाडीचा तोल आणि ब्रेकचे अंतर किती बदलते ते तिथे कळते. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. साडी किंवा पायघोळ वस्त्र नेसलेल्या व्यक्तीला मागच्या चाकावरच्या साडीगार्डची बाजू सोडून बसू देऊ नये. आपण दोन्ही पाय टेकून ‘बसा’ म्हणेपर्यंत त्यांनी चढायचे नाही आणि ‘उतरा’ म्हणेपर्यंत उतरायचे नाही, एवढे मात्र निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.